बाहेरची

साडीच्या घडीत एक चकचकीत फोटो घातलेला असतो. तीच साडी नेसून कुणी देखणी बाई कमरेवर हात ठेवून उभी असते. साडी विकली गेली, घडी मोडली, की त्या फोटोचं काम संपतं. पोरं त्याचं विमान करतात, बायका उकाड्यात वारा घ्यायला वापरतात. तो कुणी जपून ठेवलेला मी कुठल्याच घरात पाहिला नाही, आमच्या मायची पेटी सोडून.

भाऊ सुरतेच्या कडेच्या गोडादऱ्यातलं आमचं घर पाडून वर मजले चढवतोय. माय गेल्यापासून तिची पत्र्याची पेटी कुणी उघडायची यावर घरात मानापमान चालले होते, ते मिटवायला मला बोलावलं. झाकण उघडलं तर आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून कांजीचा. नव्या साडीच्या कांजीचा तो आंबूस, कोरडा वास. आमचं सगळं लहानपण त्या वासात गेलं. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, माय घरी साड्यांचे धागे कापायला बसलेली, आणि आम्ही भावंडं त्या गठ्ठ्यांना टेकून अभ्यास करणारी. अंगात, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा तो वास असायचा. पेटीच्या तळाशी, न नेसलेल्या एका जॉर्जेटच्या घडीत, उषाताई होती.

फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. कॅमेऱ्याच्या थोडं वर, लांबून काहीतरी येतंय तिकडे बघते आहे. फोटोवाल्याने तिला खूप वेळा सांगितलं म्हणे, मॅडम, इधर देखो. पण उजेडाकडे बघायची तिची एक सवय होती, आणि ती सवय कुठून आली हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

उषाताई आमच्या शेजारच्या तात्यांची मुलगी. तात्या आणि माझा बाप एकाच खात्यात कारीगर, दोघं पारोळ्याकडचे, एकाच गाडीने पोटासाठी सुरतेला आलेले. तिच्या आईला सगळी गल्ली जिजी म्हणायची. घरात थोरला भाऊ आणि त्याची बायको रेखावहिनी. एवढी माणसं एका खोलीत, आणि खोलीच्या भिंतीपलीकडे लूम. दिवसरात्र खटखट. माठातलं पाणी थरथरायचं. गावाला गेलं की शांततेमुळे झोप लागायची नाही.

गल्लीत संडास नव्हता. हे वाक्य आज मी सरळ लिहून मोकळी झाले, तेव्हा ते कुणी तोंडातून काढत नसे. ‘बाहेर जाऊन येते’ म्हणायचं, ‘तिकडे’ म्हणायचं, फार तर डबा उचलून नुसतं बघायचं. पहाटे अंधार असतानाच रेखावहिनी आमच्या दाराची कडी वाजवायची. मग आम्ही सगळ्या, म्हाताऱ्या, सुना, पोरी, खाडीच्या काठाकडे चालू लागायचो. खाडीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असे, आज जांभळं, उद्या शेवाळी. बाजारात कोणता रंग चालतोय ते व्यापाऱ्यांच्या आधी आम्हाला कळायचं. काठावर बेशरमाची झुडपं, चिखल, आणि समोर मोठा रस्ता. ट्रक आला की त्याचे दिवे अंगावर यायचे, आणि बसलेल्या सगळ्या बायका एकदम उठून उभ्या राहायच्या. दिवे गेले की बसायच्या. पुन्हा ट्रक, पुन्हा उभ्या. म्हाताऱ्यांचे गुडघे करकर वाजायचे. कुणी काही बोलायचं नाही. उषाताई तेवढी बोलायची. उजेड आला की ती मान ताठ करायची, डबा कमरेवर धरायची आणि म्हणायची, चला, आला आपला फोटोवाला. त्या घाणीत आम्ही पोरी खुदखुदायचो आणि म्हाताऱ्या शिव्या घालायच्या.

दिवसा पाणी प्यायचं नाही हे कुणाला शिकवावं लागत नसे. शाळेत सर म्हणायचे, या खानदेशी पोरी काय सुकलेल्या असतात. सुकणार नाही तर काय होणार.

चौऱ्याण्णव साली आपल्या देशाच्या एका पोरीने जगाचा मुकुट आणला आणि सगळ्या देशाला रूपाचं वेड लागलं. सुरत मागे कशी राहील? साडीच्या एका शेठने रिंग रोडजवळच्या हॉलमध्ये ‘साडीसुंदरी’ची स्पर्धा ठेवली. धागे कापलेले गठ्ठे परत द्यायला उषाताई मार्केटात जायची, तिथे शेठच्या माणसाने तिला पाहिली आणि नाव घालायला सांगितलं. तात्यांचा नकार होता. जिजीने दोन दिवस चूल थंड ठेवली तेव्हा ते गप्प बसले.

ती जिंकली. कशी जिंकली ते मला सांगता येणार नाही, मी शाळकरी होते आणि मागच्या खुर्चीवर पेंगत होते. आठवतं ते एवढंच की हॉलमध्ये अत्तराचा आणि तळलेल्या कशाचा तरी वास होता, आणि शेवटी तिला एकच प्रश्न विचारला होता. जिंकलात तर समाजासाठी काय कराल? बाकीच्या मुलींनी सांगितलं ते तिनेही सांगितलं, मी महिलांची सेवा करीन. टाळ्या पडल्या. तिचं चुकलं ते इथेच. तो प्रश्न तिने खरा मानला.

तिच्या डोक्यावर खड्यांचा मुकुट आणि खांद्यावरून साटीनचा पट्टा आला, आणि तिचा फोटो साड्यांच्या घडीत जाऊन बसला. गल्लीची छाती फुगली. श्रावणात कानबाई बसली तेव्हा समाजमंडळाच्या अण्णांनी उषाताईला मुकुटासकट मिरवणुकीत पुढे उभी केली. आमच्याकडे कानबाई म्हणजे नारळाची देवी. तिला नथ घालतात, दागिने चढवतात, रोटाचा नैवेद्य करतात, रात्रभर तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नेऊन बुडवतात. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. भाजलेल्या रोटांचा खरपूस वास, डफाचा आवाज आणि गर्दीत चमकणारा तो मुकुट, एवढंच दिसत होतं.

त्याच पावसाळ्यात रेखावहिनी काठावरून घसरली. पोटुशी होती. उभं राहा, बसा, उभं राहा, बसा, त्यात पाय गेला. दिवस बरेच भरलेले होते. जिजीने त्या मुलाला फडक्यात गुंडाळलं आणि तात्या एकटेच कुठेतरी जाऊन आले. वहिनी बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि भिंत लूमच्या आवाजाने थरथरत होती. एका संध्याकाळी उषाताई तिच्या पायांना तेल चोळत म्हणाली की तुझं पुढचं बाळंतपण येईल त्याच्या आत या गल्लीत बायकांना दार असलेली जागा होईल. दार, आणि त्याला आतून कडी. वहिनीने मान वळवली नाही.

मग पितरांच्या पंधरवड्यात प्लेगच्या भीतीने शहर रिकामं झालं. तोंडाला फडकी बांधून लोक गाड्यांना लोंबकळत गावाकडे पळाले, त्यात आम्हीही होतो. परत आलो तेव्हा लूम बंद होते, आणि त्या शांततेची आम्हाला भीती वाटली. त्यानंतर शहर असं धुऊन काढलं की विचारू नका. रस्ते चकचकीत, पांढऱ्या पावडरीचे पट्टे, सुरतेचं सगळीकडे कौतुक. गोडादरा मात्र शहराच्या हद्दीबाहेर. झाडू हद्दीपर्यंत यायचा आणि तिथून मागे वळायचा.

त्या कौतुकाच्या दिवसांतच व्यापाऱ्यांनी स्वच्छतेचा मोठा कार्यक्रम ठेवला. उषाताईने मुकुट घालून झाडूला कुंकू लावायचं आणि गुजरातीत एक ओळ म्हणायची, आपणुं सुरत, सुंदर सुरत. आमची सगळी गल्ली टेम्पोत बसून बघायला गेली. माय, जिजी, वहिनी, मी. अण्णांना पुढची खुर्ची. उषाताईने ती ओळ म्हटली, टाळ्या झाल्या, पण ती माईकपासून हलली नाही. तिने हिंदीत सुरुवात केली.

“हमारे यहाँ औरतें आज भी बाहर बैठती हैं. ट्रक की लाइट आती है, तो खड़ी हो जाती हैं.”

संडास हा शब्द तिने वापरला नाही. चारचौघांत, त्यातून शेठलोकांपुढे, मुलीच्या जातीने तो शब्द काढू नये असं जिजीने शिकवलं होतं. तिने सभ्य शब्द घेतला, आणि तोच तिच्या मुळावर आला.

आमच्याकडे बाई बाहेर बसते म्हणजे ती शिवायची नसते, तिचे महिन्याचे दिवस असतात. ‘बाहर बैठती हैं’ ऐकल्याबरोबर आमच्या बायकांनी पदर डोळ्यांवर ओढले. पोरीने स्टेजवरून असलं सांगावं! आणि पलीकडे बसलेल्या परक्या लोकांनी पुढचं वाक्य ऐकलं. बाहेर बसतात, ट्रकचा दिवा आला की उभ्या राहतात. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला ते मागून आलेल्या शिट्ट्यांवरून कळलं. कुणीतरी विचारलं, कहाँ खड़ी होती हैं, पता तो बताओ. हॉल हसला. अण्णा उठून निघून गेले. तिचं तिसरं वाक्य काय होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही, मला आजही माहीत नाही.

 परत येताना चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागे आमचा टेम्पो अडकला होता, हवेत मळीचा गोडसर वास होता, आणि जिजी पदरात तोंड घालून बसली होती. ज्या बायका रोज पहाटे तिच्या शेजारी त्या चिखलात बसायच्या, त्याच आता तिच्यापासून सरकून बसल्या होत्या. मला त्यांचा राग अजून जात नाही. माय त्यांच्यातच होती.

मंडळाची बैठक बसली. लूमच्या कारीगरांत तात्यांना तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. येताजाता कुणीही विचारायचं, काय तात्या, पोरगी कुठे उभी असते? अण्णांनी ठरवलं की पोरीने सगळ्यांसमोर माफी मागावी आणि विषय संपवावा. गणपतीच्या मांडवाच्या जागेवर सतरंजी अंथरली होती. उषाताई पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. चुकलं म्हणाली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग पुढे बोलली.

“बाहेर म्हनाले नको व्हतं, अण्णा. संडास म्हनाले पाहिजे व्हतं. आपली गल्लीमा बायकास्ले संडास नई शे.”

आमच्या घरातली, चुलीपुढची अहिराणी. गैरसमजाला जागाच नव्हती. म्हणून तर ती कुणाला सहन झाली नाही.

शेठने पुढच्या मालाच्या घडीत दुसऱ्या मुलीचा फोटो घातला. कार्यक्रमांची बोलावणी थांबली. पण मुकुट परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, पट्टाही तिच्याकडेच राहिला. तो पट्टा ती पिशवीत टाकून कचेऱ्यांमध्ये जाऊ लागली. दारात शिपायाने अडवलं की काढून खांद्यावर घालायची, मग आत घ्यायचे. साहेब उभे राहायचे, चहा मागवायचे, सोबत फोटो काढून घ्यायचे, घरी बायकोला दाखवायला म्हणून सही मागायचे. ती संडास म्हणाली की त्यांचा चेहरा पडायचा. सचिन गावच्या कारखान्यांतल्या बायकांपुढे बोलली, शाळांत बोलली, बोलावलं नाही तिथे जाऊन बोलली. प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यात तो शब्द. पोरांनी तिचं नाव संडाससुंदरी ठेवलं. ती ते ऐकून हसायची. जिजी मात्र रडायची.

तिच्याबरोबर गल्लीतली एकही बाई गेली नाही. मोर्चासारखं काही नव्हतंच, एक बाई आणि एक पिशवी. रेखावहिनीला पुन्हा दिवस गेले तेव्हा उषाताईचा चेहरा बदलला. जागा झाली नव्हती, आणि तिने शब्द दिला होता. मग रोज पहाटे ती वहिनीचा दंड धरून, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन काठावर जायची. ट्रकचा उजेड आला की वहिनीला उठू द्यायची नाही. स्वतः तिच्यासमोर उभी राहायची, दोन्ही हातांनी पदर पसरून. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, ओरडायचे. ती उजेडात तशीच उभी. फोटोत आहे ना, अगदी तशीच.

वहिनीला मुलगी झाली. तिच्या झबल्याला उषाताईने साटीनच्या पट्ट्याची किनार लावली. बारशाच्या दिवशी तात्यांनी सांगून टाकलं की साक्रीकडचं स्थळ आहे, बिजवर आहे, शेती आहे, आणि त्यांना सुरतेतलं काही ठाऊक नाही. शेवटची गोष्ट तात्यांना सगळ्यांत मोलाची वाटत होती.

हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडू नये अशी आमच्याकडे रीत. सगळं अंग पिवळं, दारात करवल्या बसलेल्या, आंब्याच्या पानांचा आणि हळदीचा कच्चा वास. पहाटे उषाताई उठून डबा शोधायला लागली तर जिजीने हात धरला. हळदीच्या अंगाने बाहेर जायचं नाही म्हणाली. उषाताईने शांतपणे विचारलं, मग मी जाऊ कुठे ते सांग.  जिजीने लेकीच्या मुठीत लिंबू दिलं, नजर लागू नये म्हणून, आणि वाट सोडली. त्या पहाटे मी तिच्या मागून चालत होते. उजेड आला. पिवळी नवरी लिंबू मुठीत धरून उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोरून ते अजून हलत नाही, आणि हलूही नये.

ती सासरी गेली आणि पुढच्या वर्षी काठावर जागा झाली. निळ्या फरशीची, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, प्रत्येकीला दार आणि आतून कडी. उद्घाटनाला अण्णांनी नारळ फोडला. संगमरवराच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, आणखी बऱ्याच जणांची आहेत. उषाताईला पत्रिका गेली नाही. बायका नटूनथटून रांगेत उभ्या होत्या, माझी माय पहिल्या पाचांत. पण तिकडे जाताना म्हणायचं काय, हा प्रश्न उरलाच. तो शब्द अजूनही तोंडात बसत नव्हता. पोरं त्या जागेला टवाळीने उषा टॉकीज म्हणायची, बायकांना त्यातून वाट मिळाली. ‘जरा उषाकडे जाऊन येते.’ किती सोज्वळ! पाहुण्यांसमोर, सासऱ्यांसमोर, कुठेही म्हणावं.

तात्या वारले तेव्हा ती आली होती. हाताच्या बोटांना भेगा, पायांत जोडवी, डोक्यावरचा पदर न सरकणारा. दिवस घालायला आलेल्या बायका अंगणात बसल्या होत्या. एकीने दुसरीला हाक मारली, चल व, उषाकडे जाऊन येऊ. उषाताईने चमकून वर पाहिलं. आपल्याकडेच कुणी येतंय असं वाटून ती थोडी सरकलीसुद्धा, बसायला जागा केली. बायका डबे घेऊन पुढे निघून गेल्या. मग तिला कळलं. रेखावहिनी रडायच्या बेतात आली. उषाताई हसली, पण पूर्वीचं हसू नव्हतं ते.

“म्हंजे तो शबद आजून काई तुमना तोंडमा उना नई.”

मी तिला विचारलं, साक्रीला आहे का? दार असलेली जागा? ती म्हणाली, नाही. मळ्याकडे जातात सगळ्या, अंधारातच. तिथे बोलायची नाहीस का, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. पुन्हा ती आली नाही. आहे, असं ऐकते. नातवंडं आहेत.

पेटीपुढे बसून मी हे सगळं आठवत होते तेवढ्यात भावाची नवी सून आली. डिंडोलीची आहे, इथेच जन्मलेली, मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरते. मला फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला तसंच म्हणतात. माझ्या हातातला फोटो घेऊन तिने उजेडात धरला. केवढी सुंदर आहे, म्हणाली. हिरोईन आहे का कुणी?

मी सांगितलं, ही उषा.

तिने पटकन पदर तोंडाला लावला. आधी तिला कळेना हसावं की नाही, मग फस्सकन हसली.

“फुई, मजाक नका करू ना.”

 तिने फोटो माझ्या मांडीवर ठेवला, हात धरून मला उठवलं आणि सिमेंटच्या ओल्या जिन्याने वर घेऊन गेली. नव्या घरात प्रत्येक मजल्यावर एक उषा काढली आहे, ती तिला मला दाखवायची होती. दारं बसली होती. तिने एकाची कडी आतून लावून बघितली, काढली, पुन्हा लावली.